कोकराचा दुसरा कान

मी एक पातळसं पुस्तक. चोवीस पानं, वर-खाली पुठ्ठा आणि मधोमध दोन पिना, एवढाच माझा देह. जाडजूड ग्रंथांच्या रांगेत मला उभं केलं, तर मी आहे की नाही हेसुद्धा कळायचं नाही. पण आकारावर जाऊ नका. लहान मुलांच्या घरांत मी जितकं पाहिलंय, तितकं त्या जाडजूड मंडळींनी कपाटात बसून कधी पाहिलं नसेल. आज मला बोलायची संधी मिळाली आहे, तर जरा बसा.

मला लिहिणाऱ्या बाई बालवाडीत शिकवायच्या. रोज सकाळी दाराशी आया त्यांना गाठायच्या. हा दात घासू देत नाही, ही अंघोळीला बसत नाही, धाकटं झाल्यापासून थोरलं बोलेनासं झालंय. बाईंच्या लक्षात आलं, की उपदेश केला तर मुलं दुसरीकडे बघतात आणि गोष्ट सांगितली तर तोंड उघडं ठेवून ऐकतात. मग त्यांनी एकेका अडचणीवर एकेक गोष्ट लिहिली. अशी आम्ही आठ भावंडं जन्माला आलो.

थोरला अंधाराची भीती घालवणारा. त्याची ऐट विचारू नका. त्याच्या पाठचा दाताच्या डॉक्टरांचा, मग नव्या बाळाचा. माझ्या वाट्याला काय आलं, तर केस कापणं. भावंडं मला हसायची. म्हणायची, तुझा कसला विषय, दहा मिनिटांचं तर काम.

माझ्या पोटात लोकरू नावाच्या कोकराची गोष्ट आहे. त्याची लोकर इतकी वाढते, की त्याला पुढचं दिसेनासं होतं. ते कुंपणाला धडकतं, झाडाला धडकतं, एकदा तर आपल्या आईलाच धडकून तिला ‘माफ करा हं मावशी’ म्हणतं. कात्रीला मात्र घाबरतं. शेवटी हिंमत करून लोकर कापून घेतं आणि हलकं होऊन टेकडीवरून धावत सुटतं. गोष्ट एवढीच.

बाईंनी प्रत्येक पानाच्या तळाशी बारीक अक्षरात एक प्रश्न घातला होता. मोठ्यांनी वाचता वाचता थांबावं आणि मुलाला तो विचारावा, हा हेतू. चित्रं काढणारा तरुण मोठा हौशी होता. त्याने तेवीस पानं जीव ओतून रंगवली. शेवटच्या पानावर पळणारं कोकरू त्याने बाजूने दाखवलं. बाजूने पाहिलं की कुणाचाही एकच कान दिसतो. त्यालाही त्यात काही वावगं वाटलं नाही आणि मलाही नाही. ते एवढं लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

छापखान्यातून निघून मी एका वाचनालयात आलो. दोन खोल्यांची जागा, खिडकीत तुळशीच्या लहान कुंड्या आणि टेबलाशी एक ग्रंथपालबाई. त्यांनी आमचं कपाट लेखकांच्या नावांनी लावलं नव्हतं, अडचणींनी लावलं होतं. एका फळीवर चिठ्ठी ‘जेवत नाही’, दुसरीवर ‘रुसतं’, तिसरीवर ‘घाबरतं’. सगळ्यांत लांब फळी अर्थातच ‘ऐकत नाही’ची. आईबाप यायचे ते हळू आवाजात बोलायचे. कित्येक जण तर म्हणायचे, आमचं नाही हो, शेजारणीच्या मुलाची अडचण आहे. ग्रंथपालबाई मान हलवायच्या आणि शेजारणीसाठी पुस्तक द्यायच्या.

मी बरीच घरं फिरलो. माणसांच्या सवयी पाहिल्या. कुणी बोटाला थुंकी लावून पान उलटतं. कुणी वाचता वाचता दोन पानं एकदम उलटतं आणि मुलाने पकडलं की खोकल्याचं निमित्त करतं. एका घरी माझ्यावर चहाचा पेला ठेवला, त्याचं गोल कडं अजून पुठ्ठ्यावर आहे. लोकरू डोळे मिटून त्या कड्यातून उडी मारतोय असं वाटतं, म्हणून मी ते मनाला लावून घेतलं नाही. एका गोष्टीचं मात्र वाईट वाटायचं. तळाचा बारीक प्रश्न कुणी वाचायचंच नाही. मोठ्यांना गोष्ट संपवायची घाई. प्रश्न आपले मुंग्यांसारखे तळाशी ओळीने बसून राहायचे.

एके दिवशी सकाळी एक बाई आल्या. पदराला ओले हात पुसत पुसत म्हणाल्या, मुलीचे केस कापायचे आहेत, त्यावर काही पुस्तक आहे का.

ग्रंथपालबाई म्हणाल्या, “पुस्तक देते. पण आधी एखाद्या हलक्या हाताच्या न्हाव्याकडे नेऊन पाहिलंत का?”

“नवरा न्हावीच आहे माझा,” बाई म्हणाल्या.

ग्रंथपालबाई हसल्या नाहीत. फक्त त्यांचा चष्मा नाकावरून खाली घसरला. तो वर सरकवून त्यांनी मला फळीवरून काढलं.

घर दुकानाच्या मागेच होतं, मधे नुसता एक पडदा. पुढे दोन खुर्च्या, समोरासमोर दोन आरसे, कंगव्यांची बरणी, पाण्याचा फवारा. लहान मुलं आली की खुर्चीच्या दोन हातांवर आडवी एक फळी टाकायची आणि त्यावर मूल बसवायचं. ती फळी बापाने लेक जन्मली त्या महिन्यात करून घेतली होती. कडा घासून गुळगुळीत, वर मऊ कापड. गल्लीतली सगळी पोरं तिच्यावर बसून गेली. जिच्यासाठी केली, ती एकदाही बसली नव्हती.

तिला सगळे झिपरी म्हणायचे. पाच वर्षांची पोर, केस नाकाच्या शेंड्यापर्यंत. त्या झापडीतून ती जग बघायची. उंबऱ्याला ठेचकाळायची, शाळेत फळा दिसत नाही म्हणून शेजारणीच्या पाटीत डोकावायची. शाळेच्या बाईंनी दोनदा चिठ्ठी पाठवली होती. चिमटा लावला तर काढून टाकायची, रिबीन बांधली तर सोडायची. कानांवरून केस जरा मागे सारले की किंचाळायची. गिऱ्हाईकं बापाला चिमटे काढत. कुणी म्हणे, दिव्याखाली अंधार तो हाच. कुणी म्हणे, मालक, आधी घरचं गिऱ्हाईक आटपा. तो हसून त्यांच्या मानेवर पावडर मारायचा.

पण खरं दुखणं केसांचं नव्हतंच. ती बापाच्या हातांना भ्यायची. तो कामाचा सदरा घालून आत आला, की ती आईच्या मागे जायची. सुट्टीच्या दिवशी अंघोळ करून, दुसरे कपडे घालून तो बसला, की मग हळूच त्याच्या मांडीवर. आठवड्यातला एक दिवस ती त्याची लेक, बाकी सहा दिवस तो दुरूनच बघायचा. एकदा दुपारी ती झोपलेली असताना, आपल्या बहिणीचं ऐकून, त्याने कात्री चालवायला घेतली होती. पोर जागी झाली. त्या दिवसापासून ती दोन्ही तळवे कानांवर दाबून झोपायला लागली. आईला वाटलं, कान दुखतात. डॉक्टरांनी दिवा लावून आत पाहिलं. म्हणाले, कान नाणं वाजवून घ्यावं तसे खणखणीत आहेत.

आईने मग देवाला शब्द दिला होता. पोर आपल्या बापाच्या हाताखाली हसत बसेल, त्या दिवसापर्यंत चहात साखर घालायची नाही. चार महिने ती बिनसाखरेचा चहा पीत होती. दर घोटाला एक डोळा मिटायची, पण नेम मोडला नाही. नणंद, म्हणजे झिपरीची आत्या, शेजारच्याच खोलीत राहायची. ती म्हणे, “वहिनी, देवाला साखर नकोच असते गं. माणसं दोन असली की झालं. एकाने पोरीला धरायचं, एकाने कापायचं.” तिचं बोलणं हे असं होतं, मन मात्र वाईट नव्हतं.

पहिल्या दिवशी आईने मला वाचलं. झरझर, छान आवाज काढून. लोकरू आईला धडकून मावशी म्हणाला, तेव्हा झिपरी खुदकन हसली. आईचा चेहरा उजळला. माझाही उजळला असता, पुठ्ठ्याला ते जमत असतं तर. शेवटचं पान आलं. हिरवी टेकडी, हलकंफुलकं कोकरू, हवेत चारी पाय. आई म्हणाली, बघ, कसं मजेत पळतंय.

झिपरीने केस बाजूला करून चित्राला नाक लावलं. मग तिने असा टाहो फोडला, की पुढे दाढी करून घेणारं गिऱ्हाईक खुर्चीत ताठ झालं. तिने मला पलंगाखाली भिरकावलं आणि दोन्ही हात कानांवर दाबले. आई काय झालं, काय झालं विचारत राहिली. पोर रडतच राहिली.

पलंगाखाली मी धुळीत पडून होतो. इतक्या घरांत मी मुलांना हसवलं होतं. या घरात उलट रडवलं. माझ्यात नक्की कुठे काय चुकलं, हे मलाच कळत नव्हतं. आईने मला बाहेर काढून पदराने पुसलं आणि परत करायच्या पिशवीत टाकलं.

दुसऱ्या दिवशी दुकानाला सुट्टी होती. बापाने पिशवीतून मला काढलं. म्हणाला, मी एकदा बघतो. त्याची शाळा चौथीतच सुटली होती. तो अक्षराखाली बोट ठेवून वाचायचा, आणि एकही अक्षर सोडायचा नाही. पुठ्ठ्यावरचं वाचलं, छापखान्याचं नाव वाचलं, पानाचा आकडासुद्धा वाचला. झिपरी आधी दाराशी होती. बाप इतका हळू वाचतोय म्हटल्यावर तिला दया आली असावी. जवळ आली, मग मांडीवर आली. पुढचं तिला पाठ होतं, ती त्याला मदत करू लागली.

आणि मग ते घडलं, ज्याची मी इतकी वर्षं वाट पाहत होतो. त्याचं बोट पानावरची गोष्ट संपल्यावर थांबलं नाही. खाली घसरत तळाच्या मुंग्यांपाशी गेलं. एकेका पानाचा प्रश्न विचारत तो सहाव्या पानावर आला आणि डोळे बारीक करून त्याने वाचलं, “लोकरूला कात्रीची भीती कुणी घातली असेल? तुला कुणी घातली?”

झिपरी म्हणाली, “आत्याने.”

बाप थांबला. बोट तिथेच ठेवून त्याने तिच्याकडे पाहिलं.

“कात्री कान खाते,” ती म्हणाली. जणू हे सगळ्यांनाच ठाऊक असतं.

तो पुढे वाचत गेला. शेवटच्या पानावर आला आणि तळाचा प्रश्न वाचला. “लोकरूचं काय गेलं? काय राहिलं?”

बाईंनी हा प्रश्न लिहिला तेव्हा उत्तर सोपं वाटलं होतं. लोकर गेली, लोकरू राहिला. झिपरीने चित्रावर बोट टेकवलं.

“एक कान गेला,” ती म्हणाली. “एक राहिला.”

मला तेव्हा उमगलं. सगळ्या गोष्टीभर दोन कान मिरवणारं कोकरू, आणि कात्रीनंतरच्या पानावर एकच कान. त्या पोरीने जे पाहिलं ते अगदी बरोबर होतं. आम्ही मोठ्या मंडळींनीच पाहिलं नव्हतं. मला पान असतं पुढे, तर मी त्यात तोंड लपवलं असतं.

बाप उठून शेजारच्या खोलीत गेला, मी त्याच्या हातातच होतो. आत्या वेणी घालत बसली होती. तिची वेणी गल्लीत नावाजलेली, कमरेच्या खाली रुळणारी. त्याने सगळं सांगितलं. आधी ती म्हणाली, मी? मी कधी? मग तिचे हात वेणीत थांबले.

तिला आठवलं. पोर रांगत होती तेव्हाची गोष्ट. दुकानाची पिशवी उघडी राहिली होती आणि पोरीने कात्री तोंडात धरली होती. आत्याने ती हिसकावली आणि ओरडली, हात लावशील तर कान खाईल तुझे. गुण आला म्हणून मग रोजच म्हणू लागली. घरात पातं दिसलं की कान. पोर मोठी झाली, आत्या ते विसरली. पोर विसरली नाही.

“बोटं वाचली तिची माझ्यामुळे,” आत्या म्हणाली, पण आवाजात दम नव्हता.

“वाचली,” बाप म्हणाला. “मी नाही कुठे म्हणतोय, ताई? पण आता ती माझ्या हाताला भिते.”

आत्याने वेणीचं टोक हातात घेऊन पाहिलं. मग म्हणाली, “उद्या कितीला उघडतोस?”

सकाळी दुकानात एकच गिऱ्हाईक होतं, पोस्टमन. त्याच्या एका गालावर फेस लावून झाला होता, तेवढ्यात आत्या आली आणि दुसऱ्या खुर्चीत बसली. पडद्याशी झिपरी उभी होती, मला छपरासारखं डोक्यावर धरून. आत्याने तिला जवळ बोलावलं.

“मी खोटं बोलले होते तुझ्याशी,” ती म्हणाली. “तू लहान होतीस, लागेल म्हणून भीती घातली. कात्री कान खात नाही. मोज माझे कान.”

झिपरीने मोजले. दोन.

“आता काप रे,” आत्या भावाला म्हणाली आणि डोळे घट्ट मिटून घेतले. भीती वेणी जाण्याची होती, पण पोरीला ती ओळखीची वाटली असावी. तिने आत्याचं बोट धरलं. चार बोटं वेणी कापली गेली. झिपरीने पुन्हा मोजले. दोन. डूलसुद्धा जागच्या जागी.

मग तिने बापापुढे हात केला. कात्री हवी होती. त्याने ती मिटून, टोक आपल्याकडे ठेवून तिच्या हातात दिली. तिने उलटीसुलटी करून पाहिली.

“हिला दात कुठेत?”

“नाहीतच,” बाप म्हणाला. “म्हातारी आहे ती. मऊ मऊ केसच चालतात तिला.”

झिपरीने कात्री त्याला परत दिली. मग म्हणाली, “फळी टाक.”

आत्या खुर्चीतून उठली, बापाने तिथे फळी टाकली. ती एकदा घसरली, त्याने पुन्हा नीट बसवली. पोर बसली, मी तिच्या मांडीवर, तिचे दोन्ही तळवे कानांवर. त्याने पांढरं कापड बांधलं नाही, नको असेल म्हणून. फवारा मारला, कंगवा फिरवला आणि कपाळावरची झापड पहिल्या खेपेत उतरवली. आरशात दोन डोळे उघडले, गोल, काळेभोर. बाप कात्री हातात धरून तसाच उभा राहिला. कामाच्या दिवशी, कामाच्या सदऱ्यात, ते डोळे इतक्या जवळून त्याने पाहिलेच नव्हते.

पोस्टमनच्या गालावरचा फेस वाळत चालला होता. तो आरशातून म्हणाला, सावकाश होऊ द्या मालक, माझी पत्रं कुठे पळून जात नाहीत.

कानाजवळ आल्यावर बाप थांबला. “एक हात काढशील?” त्याने विचारलं. “एकच. दुसरा राहू दे.”

तिने आरशात आत्याच्या कानांकडे पाहिलं. मग एक तळवा उचलला आणि तो एक कान बापाच्या हवाली केला. कात्री कुजबुजत त्याच्याभोवती फिरली. कान जागेवर. मग तिने दुसरा तळवा आपण होऊनच काढला, आणि मोकळ्या झालेल्या हातांनी मला उघडून ती गोष्ट पोस्टमनला सांगायला लागली. मावशीच्या जागी येताच ती इतकी हसली, की बापाला कात्री उचलून धरावी लागली. एक छोटी काळी बट माझ्या नवव्या पानावर पडली.

झाल्यावर तिने आरशात पाहिलं, दोन्ही हातांनी दोन्ही कान चाचपले. मग शेवटचं पान काढून ती कोकराकडे बघत राहिली.

“ह्याचा पण आहे,” ती म्हणाली. “पलीकडे आहे. दिसत नाहीये नुसता.”

आणि कुणी काही म्हणायच्या आत तिने पोस्टमनच्या खिशातली पेन्सिल काढून लोकरूला दुसरा कान काढला. जरा मोठाच, जरा उभाच. माझ्या पहिल्या पानावर शिक्का आहे, ‘पुस्तकात काहीही लिहू अगर काढू नये’. इतकी वर्षं मला त्या शिक्क्याचा अभिमान होता. त्या दिवशी वाटलं, शिक्क्याने जरा दुसरीकडे बघितलं तर काय बिघडेल?

मागे आईने चहा टाकला होता. आत्याने तिच्या पेल्यात मोजून तीन चमचे साखर घातली. आई डोळे मिटून, हात जोडून म्हणाली, “देवाने ऐकलं हो माझं.”

“ऐकलंच,” आत्या म्हणाली. “पण वेणी माझी गेली ती गेलीच.” आणि स्वतःच हसत सुटली. त्या दिवशी आई चहा पिताना दोन्ही डोळे मिटत होती, पण ते गोडीने.

परत करायला बाप स्वतः आला, झिपरीचं बोट धरून. पेन्सिलीची खूण त्याने आपणच दाखवली आणि म्हणाला, भरून देतो पुस्तक. ग्रंथपालबाईंनी मला डोळ्यांजवळ नेलं, सगळं ऐकून घेतलं. मग खोडरबरासाठी उघडलेला ड्रॉवर तसाच बंद केला. नवव्या पानातली बटही त्यांनी झटकली नाही. झिपरीला म्हणाल्या, “इतकी माणसं वाचून गेली, पण कान कमी आहे हे कुणाला दिसलं नव्हतं. तुला दिसतं चांगलं.”

“आता दिसतं,” झिपरी म्हणाली.

आता माझं वय झालं. एक पीन गंजली, कोपरे मऊ पडले. नाकाजवळ धरलंत तर अजून दुकानातल्या पावडरीचा वास येतो. मी घराघरांतून फिरतो. मुलं शेवटचं पान आलं की आधी त्या वेड्यावाकड्या कानावरून बोट फिरवतात आणि मग स्वतःच्या. इतक्या बोटांनी तो कान आता फिका पडत चालला आहे.

म्हणून तुमच्याकडे एवढंच मागणं आहे. कधी मी तुमच्या घरी आलो, तर सावकाश वाचा. बोट ठेवून वाचलंत तरी चालेल. तळाची मुंगीएवढी अक्षरं सोडू नका, आणि विचारून झाल्यावर पोराच्या उत्तरासाठी थोडं थांबा. आणि परत करण्याआधी, शिक्क्याकडे न बघता, लोकरूच्या त्या दुसऱ्या कानावरून एकदा हलकेच पेन्सिल फिरवा. पुढच्या घरी कुणीतरी तो मोजणार आहे.